उजेडाची उधळण, कार्बनची टंचाई

उन्हाळ्यात नाशिकच्या गंगापूर धरणातून सुटणारे पाणी कमी होते, गोदावरीचा प्रवाह मंदावतो आणि पंचवटीच्या खाली, तपोवनापासून पुढे नदीच्या पात्रात पाणवेली पसरू लागतात. महापालिका त्या काढते, काही आठवड्यांत त्या पुन्हा येतात. त्याच पंचवटीत एखाद्या घराच्या हॉलमध्ये शंभर लिटरचा फिश टँक असतो. त्यातल्या झाडांना विकतचे खत मिळते, एलईडीचा झगझगीत उजेड मिळतो, पाणी गाळायला फिल्टर असतो, आणि तरीही महिनाभरात पाने पिवळी पडून कुजतात, उरलेल्या पानांवर हिरवट-काळी बुरशीसारखी लव चढते. नदीत नको असलेली वनस्पती माजते आणि टाकीत हवी असलेली टिकत नाही, या विसंगतीचे नेहमीचे स्पष्टीकरण असे, की नदीत सांडपाण्यातून भरपूर खत येते, टाकीत येत नाही. म्हणून दुकानदार खताची आणखी एक बाटली देतो, तीही लागू पडली नाही तर जास्त वॅटचा दिवा सुचवतो. हे स्पष्टीकरण अर्धेच खरे आहे आणि त्यावरचा उपाय बहुतेक वेळा उलटा पडतो. घरच्या टाकीतली झाडे सहसा खताअभावी मरत नाहीत, उजेडाअभावी तर त्याहून क्वचित. ती कार्बनच्या टंचाईत अडकतात, आणि वाढवलेला उजेड ती टंचाई आणखी तीव्र करतो. म्हणून टाकी सुधारायची तर पहिले पाऊल बहुधा उजेड कमी करण्याचे असते.

वनस्पतीच्या कोरड्या वजनाचा चाळीस टक्क्यांहून जास्त भाग कार्बन असतो. नायट्रोजन दोन-चार टक्के, लोह तर नखाएवढेही नाही. पाणवेलीची मुळे पाण्यात लोंबत असली, तरी तिची पाने हवेत असतात, त्यामुळे कार्बन डायऑक्साइड ती थेट हवेतून घेते. पूर्ण बुडालेल्या झाडाला ही सोय नाही. गंमत अशी, की उघड्या पाण्यात हवेतून विरघळलेला कार्बन डायऑक्साइड लिटरला अर्ध्या मिलिग्रॅमहून थोडा जास्त असतो, आणि एक लिटर हवेतही तो साधारण तेवढाच असतो. म्हणजे प्रमाण फारसे वेगळे नाही, वेग वेगळा आहे. पाण्यात हा वायू हवेच्या तुलनेत सुमारे दहा हजार पट सावकाश पसरतो. पानाला चिकटून पाण्याचा एक पातळ, जवळजवळ स्थिर थर असतो. पान त्या थरातला वायू शोषून घेते, आणि मागून नवा यायला वेळ लागतो. भरल्या टाकीतही पान उपाशी राहते ते यामुळे. मासे आणि तळातले जिवाणू श्वसनातून काही भर घालतात, पण रात्रभर साठलेला हा साठा सकाळी दिवा लागल्यावर पहिल्या काही तासांत संपतो. पुढचे सहा तास दिवा जळत राहिला, तरी झाडाच्या दृष्टीने दुकान बंद झालेले असते.

वाढ कशाने ठरते, याचा नियम जर्मनीत कार्ल श्प्रेंगेलने 1828 च्या सुमारास मांडला आणि युस्टुस फॉन लीबिगने 1840 नंतर तो जगभर नेला: वाढ सर्वांत तुटपुंज्या घटकावर अवलंबून असते, इतर घटक कितीही मुबलक असले तरी. उजेडाच्या बाबतीत या नियमाला आणखी एक धार आहे. न वापरलेले पोटॅश पाण्यात निमूट पडून राहते, न वापरलेला प्रकाश तसा राहत नाही. पानातले हरितद्रव्य तो शोषतच राहते. कार्बन नसल्यामुळे त्या ऊर्जेची साखर होत नाही, मग पेशीला ती उष्णतेच्या रूपाने टाकून द्यावी लागते, आणि तेही जमले नाही तर ऑक्सिजनचे विध्वंसक रेणू तयार होऊन पानाचीच हानी होते. टाकीजवळ डोळे नेऊन पाहिले तर याची खूण दिसते. दिव्याच्या अगदी खाली असलेली वरची पाने आखूड आणि निस्तेज, जुन्या पानांच्या कडांना शेवाळाचे केसांसारखे काळे झुबके, आणि त्याच झाडाची सावलीत असलेली मधली पाने मात्र तुलनेने स्वच्छ. खत पाण्यात सगळीकडे सारखेच मिसळलेले असते. तेव्हा एकाच झाडावर वर आणि मध्ये असा फरक पडला, तर संशय आधी उजेडावर घ्यायला हवा.

यावर एक भक्कम आक्षेप आहे, आणि तो कॅनडातल्या तलावांवरून येतो. ऑन्टारिओमधल्या प्रायोगिक तलावांपैकी 227 क्रमांकाच्या तलावात डेव्हिड शिंडलर आणि सहकाऱ्यांनी 1969 मध्ये नायट्रोजन आणि फॉस्फरस टाकायला सुरुवात केली. त्या पाण्यात विरघळलेला कार्बन अत्यल्प होता, तरी तलाव शेवाळाने हिरवागार झाला. कमी पडलेला कार्बन हवेतून ओढला गेला. 1973 मध्ये 226 क्रमांकाचा तलाव पडद्याने दुभागून दोन्ही बाजूंना कार्बन व नायट्रोजन दिला, एकीकडे फॉस्फरसही दिला, आणि फॉस्फरसची बाजूच हिरवी झाली. मग कार्बनला एवढे महत्त्व का द्यायचे, आणि खताला शेवाळाचे मूळ का मानायचे नाही? उत्तर आकारात आहे. शेवाळाची पेशी सूक्ष्म असते. तिच्याभोवतीचा स्थिर पाण्याचा थर अतिशय पातळ, वजनाच्या मानाने पृष्ठभाग प्रचंड, आणि पेशीत कार्बन साठवण्याची प्रभावी यंत्रणा. ज्या तुटपुंज्या कार्बनवर रोटालासारख्या टाकीतल्या झाडाचे पान उपाशी मरते, त्यावर शेवाळ आरामात जगते. म्हणजे तलावांचे प्रयोग मूळ मुद्दा खोडत नाहीत, तो पक्का करतात: कार्बनची टंचाई सर्वांना सारखी जाचत नाही, ती मोठ्या पानांच्या झाडांना जाचते. अशा पाण्यात उजेड वाढवला की फायदा झाडाचा होत नाही, त्याच्या प्रतिस्पर्ध्याचा होतो.

खताचा प्रश्न मात्र उरतो, कारण शिंडलरांचा निष्कर्ष त्या तलावांपुरता निर्विवाद आहे. फरक असा, की त्या तलावांच्या मोकळ्या पाण्यात शेवाळाला टक्कर देणारी मोठी झाडे फार नव्हती. उथळ तलावांचा अभ्यास करणाऱ्या मार्टेन शेफर आणि सहकाऱ्यांनी 1993 मध्ये दाखवून दिले, की सारख्याच खताच्या पाण्यात उथळ तलाव दोन अवस्थांत टिकू शकतो: बुडालेल्या झाडांनी भरलेला नितळ, किंवा झाडांविना गढूळ हिरवा. झाडे दाट असली की ती पोषक द्रव्ये स्वतःकडे खेचतात, गाळ धरून ठेवतात, सावली करतात, आणि तलाव नितळ राहतो. झाडे विरळ झाली की तोच तलाव पलटतो, आणि मग परत आणणे अवघड जाते. टाकीलाही हे लागू आहे. चार काड्या रोवून सुरू केलेली टाकी पहिल्या दिवसापासूनच शेवाळाच्या बाजूला झुकलेली असते. तळाचा निम्म्याहून जास्त भाग पहिल्याच दिवशी वाढत्या झाडांनी भरला, तर थोडे जास्त खतही चालून जाते. झाडे महाग पडतात ही तक्रार खरी आहे, पण शंभर लिटरच्या टाकीत दोन महागड्या झाडांऐवजी व्हॅलिस्नेरिया आणि हायड्रिलाच्या स्वस्त जुड्या घेणे केव्हाही शहाणपणाचे.

नायट्रोजन आणि फॉस्फरस तर बहुतेक टाक्यांत माशांच्या खाद्यातूनच येतात. खाद्यात चाळीस टक्के प्रथिने असतील, तर त्याच्या प्रत्येक ग्रॅममधून सुमारे 64 मिलिग्रॅम नायट्रोजन टाकीत पडतो, आणि त्यातला बराचसा माशांच्या उत्सर्गातून झाडांना मिळतो. बहुधा कमी पडतात ती दोन द्रव्ये, पालाश आणि लोह. ती ओळखण्याची पद्धत नाशिकच्या द्राक्षबागायतदाराला नवी नाही. वेलीत काय कमी आहे हे ठरवायला तो विशिष्ट वयाच्या पानाचे देठ परीक्षणाला पाठवतो, कारण पानाच्या वयावर उत्तर बदलते. टाकीत प्रयोगशाळा नसते, पण तर्क तोच आहे. नायट्रोजन आणि पालाश झाड जुन्या पानांतून काढून नव्यांना देऊ शकते, म्हणून त्यांची उणीव खालच्या जुन्या पानांवर दिसते: नायट्रोजनची सगळे पान पिवळे पडून, पालाशची बहुधा टाचणीने टोचल्यासारख्या छिद्रांनी. लोह एकदा पानात बसले की हलत नाही, म्हणून त्याची उणीव शेंड्याच्या नव्या पानात दिसते: शिरा हिरव्या, मधला भाग फिकट. चुनखडीच्या जमिनीतल्या द्राक्षवेलीवर दिसणारा पिवळेपणा हाच. तिथेही मातीत लोह असते, पण चुन्यामुळे ते मुळांना मिळत नाही. पंचवटीतच मोठी बाजार समिती आहे आणि जिल्ह्यात कृषी सेवा केंद्रांची वाण नाही. तिथे 0-0-50 म्हणून मिळणारे सल्फेट ऑफ पोटॅश शंभर लिटर पाण्यात एक ग्रॅम टाकले, की लिटरला सुमारे चार मिलिग्रॅम पालाश वाढते. युरिया मात्र टाकीत टाकू नये, कारण त्यातून तयार होणारा अमोनिया माशांना विषारी असतो.

इथपर्यंत पाण्याला आपण सगळीकडे सारखेच धरले. ते तसे नाही, आणि यातच नाशिककराचा एक फायदा लपलेला आहे. गंगापूर धरणाचे नळाचे पाणी तुलनेने मऊ असते, बोअरवेलचे पाणी बसाल्ट खडकातून झिरपत येताना कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि बायकार्बोनेट घेऊन येते. बायकार्बोनेट म्हणजेही कार्बनच, पण तो सर्वच झाडांना वापरता येत नाही. 2019 मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात आलेल्या जगभरच्या पाहणीत तपासलेल्या गोड्या पाण्यातल्या जातींपैकी जवळपास निम्म्या तो वापरू शकत होत्या, आणि बायकार्बोनेट जास्त असलेल्या भागांत अशा जाती जास्त आढळल्या. व्हॅलिस्नेरिया, हायड्रिला, सेरॅटोफायलम या आपल्या नद्या-तळ्यांतल्या वनस्पती त्या गटातल्या आहेत. कबोंबा आणि बहुतेक मॉस त्या गटात नाहीत. बोअरच्या पाण्यातल्या व्हॅलिस्नेरियाचे जुने पान दुपारी चिमटीत धरून फिरवले तर ते खरखरीत लागते. बायकार्बोनेटमधला कार्बन घेताना पानालगतच्या पाण्याचा सामू चढतो आणि चुन्याचा पातळ थर पानावरच बसतो. हा रोग नव्हे, झाड चालू असल्याची खूण आहे. त्याच टाकीत शेजारी लावलेला कबोंबा झडत असेल, तर दोष खताच्या बाटलीचा नाही, निवडीचा आहे. बोअरचे पाणी असेल तर बायकार्बोनेट वापरणारी झाडे, नळाचे असेल तर सावकाश वाढणारे अनुबियास, जावा फर्न, क्रिप्टोकोरायन आणि सोबत ब्राह्मी, असा हिशेब ठेवला की निम्मी लढाई संपते.

हा हिशेब टिकवायचा तर पाण्याचा कडकपणा नकळत वाढवणाऱ्या दोन गोष्टी टाळायला हव्यात. एक, सजावटीचे दगड. नाशिक जिल्ह्याचा बसाल्ट आपल्या पोकळ्यांतल्या झिओलाइटसाठी प्रसिद्ध आहे, सिन्नरचे गारगोटी संग्रहालय त्याच खनिजांवर उभे आहे. पण त्या पोकळ्यांत झिओलाइटसोबत कॅल्साइटही असते, आणि कॅल्साइट म्हणजे चुनाच. दगड टाकीत घालण्याआधी त्याच्या पांढऱ्या भागावर व्हिनेगर किंवा लिंबाचा रस टाकावा. बारीक फेस आला तर तो दगड बाहेरच ठेवावा. संगमरवराच्या पांढऱ्या खडीलाही हाच न्याय. दोन, बाष्पीभवन. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीला टेकतो तेव्हा टाकीतले पाणी झपाट्याने घटते. उडून जाते ते फक्त पाणी, क्षार मागेच राहतात. दर आठवड्याला बोअरचे पाणी वरून भरत राहिले तर पावसाळ्यापर्यंत टाकीतला कडकपणा मूळच्या दीडपट-दुप्पट होऊ शकतो. म्हणून नुसती भर घालू नये, थोडे जुने पाणी काढून मग नवे घालावे. नळाचे असेल तर ते आधी दिवसभर उघडे ठेवावे, म्हणजे क्लोरिन उडून जाईल.

आता नेहमीचा प्रतिप्रश्न: उजेड कमी केला तर झाडे उपाशी मरणार नाहीत का? दुपारच्या उघड्या उन्हात जेवढा वापरण्याजोगा प्रकाश पडतो, त्याच्या चाळिसाव्या भागात ही सावलीची झाडे व्यवस्थित जगतात. घरची साधी एलईडी पट्टी बहुधा तेवढे देतेच. सुरुवात रोज सहा तासांनी करावी, टायमर लावावा, आणि तीन-चार आठवड्यांनी नवी पाने निरोगी व शेवाळ आटोक्यात दिसले तरच एकेक तास वाढवावा. टाकी खिडकीतल्या थेट उन्हात ठेवू नये. त्या उन्हाला टायमर नसतो आणि ते पाणीही तापवते. पाणी 20 अंशांवरून 30 अंशांवर गेले, की त्यात मावणारा ऑक्सिजन लिटरला सुमारे 9.1 मिलिग्रॅमवरून 7.5 वर येतो, आणि मासे व झाडे दोन्हींचे श्वसन मात्र वाढते. म्हणून उन्हाळ्यात रात्री एअर पंप चालू ठेवणे हिताचे. फिल्टरचा प्रवाह असा वळवावा, की पाने हलकी थरथरतील. पानालगतचा स्थिर थर पातळ होतो आणि आहे तोच कार्बन जास्त पोहोचतो. पाणवेलीचा हवेतल्या पानांचा गुणही टाकीत वापरता येतो: पाण्याच्या एक चतुर्थांश पृष्ठभागावर तरंगती छोटी झाडे ठेवली, तर ती कार्बन हवेतून घेतात, अमोनिया पाण्यातून घेतात, आणि खालच्या झाडांवर हवी तेवढी सावली करतात.

उजेड कमी करण्याऐवजी कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडरच का लावू नये, हाही रास्त प्रश्न आहे. रिक्सिया या तरंगत्या वनस्पतीवर डॅनिश जीवशास्त्रज्ञांनी केलेल्या प्रयोगात कमी उजेडातही नुसता कार्बन डायऑक्साइड वाढवल्यावर वाढ सुधारली, कारण कार्बन मिळवण्यात खर्च होणारी ताकद झाडाला वाचवता आली. दोन्ही वाढवल्यावर ती सर्वाधिक झाली. तेव्हा सिलिंडर उपयोगाचा नाही असे कोणी म्हणू नये. पण तो लावला की लिटरला वीस ते तीस मिलिग्रॅमची पातळी रोज राखावी लागते. त्याहून फार वर गेली तर मासे पृष्ठभागाशी येऊन धापा टाकतात. वाढ वेगवान झाल्यावर खताची मात्रा, छाटणी, पाणी बदलणे, सगळेच वाढते. वीज गेली आणि वायूचा व्हॉल्व्ह उघडा राहिला, तर सकाळी टाकीत काय दिसेल ते सांगायला नको. जपानचे टाकी-रचनाकार ताकाशी अमानो यांच्या धर्तीवर गालिचासारखी टाकी करायची असेल, तर ही किंमत मोजावी लागते. स्वच्छ पाणी आणि निरोगी झाडे एवढेच हवे असेल, तर डायना वॉलस्टॅड यांनी 1999 च्या पुस्तकात मांडलेली पद्धत, म्हणजे तळाला मातीचा थर, त्यावर बारीक खडी, दाट झाडे आणि मध्यम उजेड, पुरेशी ठरते. मातीतले सेंद्रिय द्रव्य कुजताना कार्बन डायऑक्साइड देत राहते, म्हणजे टंचाईवर उपाय तळातूनच होतो.

पहिल्या महिन्याची एक वेगळी परीक्षा असते. विक्रीची बरीच झाडे रोपवाटिकेत पाण्याबाहेर, दमट हवेत वाढवलेली असतात. त्यांची पाने हवेतल्या कार्बनवर पोसलेली. पाण्यात लावल्यावर ती काचेसारखी पारदर्शक होऊन विरघळतात, क्रिप्टोकोरायनचे तर एखाद्या आठवड्यात सगळे पान जाते. झाड मेले असे समजून ते उपटू नये. मुळाशी गाठ टणक असेल तर तिथूनच पाण्यात जगणारी पातळ, वेगळ्या बांध्याची पाने फुटतात. कुजलेली पाने मात्र रोज काढावीत, कारण तीच शेवाळाचे खत होतात. आणि नेमक्या याच काळात घाबरून दिवा वाढवण्याचा मोह होतो, तो आवरावा. झाडाची पाने गळून पडलेली असताना वाढवलेला प्रकाश घेणारे टाकीत दुसरे कोणी नसते, शेवाळ सोडून.

या सगळ्या विवेचनातून एक जबाबदारीही येते. कार्बनच्या टंचाईवर मात करणारी जी झाडे टाकीत सहज टिकतात, त्यांचा तोच गुण बाहेरच्या पाण्यात धोकादायक ठरतो. आपल्याकडची हायड्रिला 1950 च्या दशकात फिश टँकच्या व्यापारातून फ्लोरिडात पोहोचली आणि तिथल्या कालव्यांना अजून डोकेदुखी आहे. उलट दिशेने, दक्षिण अमेरिकेतल्या कबोंबाच्या एका जातीने 2020 मध्ये केरळच्या कोळिकोड जिल्ह्यातल्या आवळा पांडी इथले पाणी गुलाबी फुलांनी झाकले. लोक फोटो काढायला लोटले, पण ते पाणी टाकीतल्या एका वनस्पतीने व्यापलेले होते. गोदावरीत पाणवेलींचे ओझे आधीच पुरेसे आहे, आणि खाली कादवेच्या संगमावर 2020 मध्ये रामसर यादीतले पाणथळ स्थळ म्हणून जाहीर झालेले नांदूर मध्यमेश्वर आहे. तेव्हा छाटलेली प्रत्येक काडी, रामकुंडाच्या कितीही जवळ राहत असलो, तरी नदीत किंवा नाल्यात जाता कामा नये. ती उन्हात वाळवून कुंडीच्या मातीत मिसळावी. टाकीत झाडांनी गोळा केलेला नायट्रोजन आणि पालाश तिथे एखाद्या तुळशीला किंवा मोगऱ्याला लागू पडतो.